सूचनेविना बदल : न बदललेला प्रोग्राम का बिघडतो?

"काल चालत होते, आज चालत नाही, आणि आम्ही तर कशाला हातसुद्धा लावलेला नाही." हे वाक्य मी गेली तीस वर्षे ऐकत आलो आहे. यंत्र बंद पडले की फोरमनपुढे उभा राहिलेला प्रत्येक माणूस हेच म्हणतो, आणि फोरमन त्यावर कधीही विश्वास ठेवीत नाही. परंतु संगणकाच्या बाबतीत हे वाक्य पुष्कळदा अक्षरशः खरे असते. प्रोग्राम तोच, त्यातला एक बाइटही हललेला नाही, आणि तरीही तो कोसळतो. किंवा त्याहून वाईट म्हणजे न कोसळता खोटे आकडे छापू लागतो. असे कसे होते, आणि झाले तर दोषाची जागा कशी हुडकावी, एवढाच या व्याख्यानाचा विषय. मी इंजिनिअर नव्हे. कामगार संघटनेचे काम करता करता या प्रश्नाशी गाठ पडली. तेव्हा जे विचारून, वाचून आणि डोळ्यांनी पाहून समजले, ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम लायब्ररी म्हणजे काय ते पाहू. नावावर जाऊ नका, इथे पुस्तके नसतात. कारखान्यात एक टूल-रूम असते. प्रत्येक खात्याने आपापला मायक्रोमीटर विकत घ्यायचा नसतो. तसेच संगणकावरच्या शेकडो प्रोग्रामांना लागणारी नेहमीची कामे, म्हणजे तारखांचा हिशेब, अक्षरांची जुळणी, याद्या ठेवणे, फाइली उघडणे, ही एका जागी लिहून तयार ठेवलेली असतात. प्रोग्राम सुरू होताना लोडर नावाचा हरकाम्या ही सामाईक लायब्ररी आणून त्याला जोडून देतो. लिनक्सवर या लायब्रऱ्या पॅकेजच्या रूपाने येतात. डेबियन, फेडोरा यांसारखे वितरक मूळ मजकूर घेतात, कंपायलरकडून त्याचे यंत्रभाषेत भाषांतर करवून घेतात आणि तयार माल गठ्ठा बांधून पाठवतात. यातला फायदा उघड आहे. लायब्ररीतला एक दोष काढला की तिच्यावर विसंबलेले सारे प्रोग्राम एका रात्रीत सुधारतात. तोटाही त्याच दारातून आत येतो.

प्रोग्राम आणि लायब्ररी यांच्यात एक करार असतो, आणि तो दोन पातळ्यांवर असतो, ही गोष्ट ध्यानात घेतल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही. वरची पातळी माणसांनी वाचायची. लायब्ररीचा कर्ता हेडर नावाची एक फाइल देतो. तीत लिहिलेले असते की अमुक नावाचे काम आम्ही करून देऊ, त्यासाठी अमुक नोंद आमच्याकडे द्या, त्या नोंदीत अमुक अमुक रकाने असतील. इथे सगळा व्यवहार नावांनी चालतो. खालची पातळी यंत्राची. कंपायलर ते हेडर एकदाच वाचतो आणि प्रत्येक नावाचे रूपांतर अंतरात करतो. 'ओव्हरटाइम' या रकान्याऐवजी तो लिहून ठेवतो, 'नोंदीच्या आरंभापासून बारा बाइट सोडून पुढचे चार बाइट'. मग नाव निघून जाते आणि अंतर उरते. पगारपत्रक वाचणाऱ्या कारकुनाला आपण रकान्यांचे मथळे दाखवलेच नाहीत, फक्त सांगितले की 'डावीकडून चौथा आकडा घे आणि त्याला दराने गुण'. तो इमानेइतबारे चौथा आकडा घेणार. कुणी मध्येच एक नवा रकाना घातला, तरीही तो चौथाच घेणार. या खालच्या पातळीवरच्या कराराला जाणकार मंडळी एबीआय म्हणतात, आणि तो पाळला गेला तर जुना प्रोग्राम नव्या लायब्ररीशी बायनरी पातळीवर जुळतो असे म्हणतात.

आता अटी कधी बदलायच्याच नाहीत, असे तर होणार नाही. अटी बदलतात. आमच्या क्षेत्रात १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९-अ होते. सेवाशर्तींपैकी ठरावीक बाबी बदलायच्या तर मालकाने आधी नोटीस द्यावी आणि एकवीस दिवस थांबावे. त्या कायद्याची जागा आता नव्या संहितेने घेतली आहे, तरी जुन्या कार्यकर्त्यांच्या तोंडी अजून ९-अ च आहे. लायब्ररीच्या जगातही अशी नोटीस आहे. प्रत्येक सामाईक लायब्ररीच्या पोटात तिचे एक नाव आणि क्रमांक कोरलेला असतो, त्याला सोनेम म्हणतात. प्रोग्राम तयार होताना तो क्रमांक स्वतःत टिपून घेतो : मला सहा क्रमांकाची लायब्ररी हवी. कर्त्याने अटी मोडणारा बदल केला तर त्याने क्रमांक सात करावा. मग सहा आणि सात दोन्ही शेजारी शेजारी नांदू शकतात, जुने प्रोग्राम सहाकडे जातात, नवे साताकडे, कुणाचे काही अडत नाही. भानगड होते ती अटी बदलल्या पण क्रमांक तोच राहिला म्हणजे. आणि यात बहुधा कुणाचा दुष्ट हेतू नसतो. कर्त्याला वाटते, हा आपला घरातला बदल, बाहेर कुणाला कळायचे कारण नाही.

एका कारखान्यात हे कसे घडले ते सांगतो. फाटकावर हजेरीचे यंत्र. त्याच्या नोंदी वाचायची लायब्ररी यंत्र पुरवणाऱ्या कंपनीकडून पॅकेजच्या रूपाने यायची, आणि पगाराचा प्रोग्राम दुसऱ्याच एका ठेकेदाराचा. नोंदीत चार रकाने, प्रत्येकी चार बाइटांचे : कामगार क्रमांक, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, ओव्हरटाइमची मिनिटे. वेळ मध्यरात्रीपासूनच्या मिनिटांत. म्हणजे सकाळी ७ ला आलेल्याचे ४२०, दुपारी ३ ला गेलेल्याचे ९००. एका महिन्यात पगारपत्रक निघाले आणि पहिल्या पाळीतल्या प्रत्येकाला रोजचा पंधरा तास ओव्हरटाइम लागला. दुसऱ्या पाळीला तेवीस तास! टाइम-ऑफिसातल्या बाईंना दुसऱ्या दिवशी कारणे दाखवा नोटीस मिळाली : ओव्हरटाइमचे आकडे फुगवले. ठेकेदार म्हणाला, प्रोग्राममध्ये अक्षराचाही बदल नाही. यंत्रवाली कंपनी म्हणाली, आमची लायब्ररी तपासून पाठवलेली आहे. दोघेही खरे बोलत होते. दोन खरी विधाने समोर आली की शिल्लक राहिलेल्या माणसावर संशय जातो, आणि शिल्लक राहिलेला माणूस नेहमी पगारपत्रकाच्या सर्वांत जवळ बसलेला असतो.

आमच्यातल्या एका तरुण मेंटेनन्स फिटरने ते कागद नीट वाचले. त्याने पाहिले की पत्रकाप्रमाणे सारा कारखाना रात्री बारा वाजून एक, दोन किंवा तीन मिनिटांनी कामावर आलेला आहे, दुसरी कोणतीही वेळ नाही. कारखान्याला फाटके तीन. पहिल्या पाळीची माणसे सकाळी ७ ला 'गेलेली' होती, म्हणजे त्यांच्या येण्याच्या वेळेला. आणि ओव्हरटाइम ९०० मिनिटे, म्हणजे त्यांची जाण्याची वेळ. सगळे आकडे खरे होते. फक्त प्रत्येक आकडा एक घर उजवीकडे सरकलेला होता. लायब्ररीच्या नव्या आवृत्तीने कामगार क्रमांकाच्या लगेच पुढे 'फाटक क्रमांक' हा नवा रकाना घातला होता. सोळा बाइटांची नोंद वीस बाइटांची झाली होती. पगाराचा प्रोग्राम जुन्या अंतरांनीच वाचत होता.

निदानाचा पहिला धडा इथेच आहे. खराब तार, खराब चकती किंवा विषाणू यांनी झालेला बिघाड सहसा विस्कळीत असतो. करार मोडल्याने झालेल्या बिघाडाला वळण असते. चुकीच्या जागी पडलेला बरोबर आकडा दिसला की समजावे, कुठेतरी रकाने सरकले. मात्र तो वळणदार राहीलच असे नाही. वरच्याच उदाहरणात प्रोग्रामने नोंदीसाठी सोळा बाइटांची जागा राखली होती आणि लायब्ररी तीत वीस बाइट लिहीत होती. उरलेले चार बाइट शेजाऱ्याच्या घरात सांडत होते. शेजारी काय राहत होते त्यावर परिणाम अवलंबून. कधी काहीच नाही, कधी तिसऱ्याच कामात प्रोग्राम कोसळायचा, आणि जिथे कोसळला तिथे शोधून काहीही सापडायचे नाही.

संशय आला की सिद्ध कसे करावे? पहिली चौकशी अगदी साधी : खरोखर कोणती लायब्ररी जोडली जात आहे? एलडीडी नावाचे साधन ते सांगते. कित्येकदा कुणीतरी पूर्वी हाताने बसवलेली जुनी प्रत भलत्या कप्प्यात पडलेली असते आणि लोडर तीच उचलतो. पॅकेजकर्त्याला उगाच शिव्या बसतात. ते तपासले की पॅकेज-व्यवस्थेची रोजनिशी पाहावी. डेबियनवर कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कोणते पॅकेज कोणत्या आवृत्तीवरून कोणत्या आवृत्तीवर गेले हे सारे नोंदलेले असते. आमच्या फिटरला एका रविवारी रात्रीची नोंद तिथेच मिळाली.

मग खरी परीक्षा. जुना प्रोग्राम आणि जुनी लायब्ररी एकत्र चालतात, हे ठाऊकच आहे. जुना प्रोग्राम आणि नवी लायब्ररी बिघडतात, हीच तक्रार. आता प्रोग्रामच्या मूळ मजकुरात काहीही न बदलता, नव्या हेडरसह त्याचे पुन्हा भाषांतर करावे आणि नव्या लायब्ररीशी जोडावे. तो ठीक चालला तर बहुतेक निकाल लागला : वरचा करार शाबूत आहे, खालचा मोडला आहे. पुन्हा भाषांतर करूनही बिघाड तसाच राहिला, तर लायब्ररीच्या वागणुकीतच दोष असेल. तो निराळा खटला. चौथी जोडी, म्हणजे नवा प्रोग्राम आणि जुनी लायब्ररी, उलट्या बाजूने बिघडते का तेही बघून घ्यावे. 'बहुतेक निकाल' म्हणालो, कारण नुसत्या पुनर्भाषांतरानेही स्मृतीतली मांडणी हलते आणि प्रोग्राममधला स्वतःचाच एखादा जुना दोष तात्पुरता झाकला जातो. म्हणून या परीक्षेनंतर रकान्यांची प्रत्यक्ष मोजणी झालीच पाहिजे. पगाराचे प्रकरण अशाच मोजणीने मिटले, आणि बाईंची नोटीस मागे घेतली गेली.

इथपर्यंतचे उदाहरण सोपे होते; कुणीतरी रकाना घातला होता. पण मूळ मजकूर न बदलतासुद्धा करार मोडतो. याचे जगजाहीर उदाहरण जीसीसी या मुक्त कंपायलरचे आहे. त्याच्याबरोबर सी-प्लस-प्लस भाषेची मूळ लायब्ररी येते. तिचा सोनेम क्रमांक २००४ सालच्या ३.४ आवृत्तीपासून सहा आहे, आणि तो जपण्यात तिचे कर्ते अतिशय काटेकोर. या लायब्ररीत 'लिस्ट' नावाची साखळीवजा यादी आहे. यादीच्या मुखाशी दोन पत्ते असतात, पहिल्या कडीचा आणि शेवटच्या कडीचा. ६४ बिटांच्या यंत्रावर आठ अधिक आठ, सोळा बाइट झाले. यादीत नग किती, असे विचारले की ही लायब्ररी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाऊन मोजायची. भाषेच्या २०११ च्या मानकाने अट घातली की यादी कितीही लांब असो, या प्रश्नाचे उत्तर ठरावीक वेळातच मिळाले पाहिजे. अट योग्यच होती. ती पाळायची म्हणून मार्च २०१२ मध्ये निघालेल्या ४.७.० आवृत्तीत यादीच्या मुखाशी संख्येचा एक रकाना आला. सोळाचे चोवीस बाइट झाले. पण केव्हा? तर २०११ च्या मानकाप्रमाणे भाषांतर करा असा पर्याय कंपायलरला दिला तरच.

याचा अर्थ काय होतो पाहा. वितरकाने एक लायब्ररी नेहमीच्या पर्यायाने तयार केली. तुम्ही आपला प्रोग्राम नव्या मानकाच्या पर्यायाने केला. दोघांचा कंपायलर एक, हेडर एक, मजकूर जसाच्या तसा. तरी लायब्ररीच्या मते यादी सोळा बाइटांची आणि तुमच्या मते चोवीस. लायब्ररी यादीत पाच नग घालते, पण संख्येचा रकाना तिला माहीतच नसल्यामुळे तो वाढवत नाही. तुम्ही विचारता, यादी रिकामी आहे काय? उत्तर येते, नाही. मग नग किती? उत्तर येते, त्या जागी जे काही पडले असेल ते. शिवाय दोन्हीकडे यादीच्या कामांची यंत्रभाषेतली नावे अगदी एक. लोडरला दोन सारख्या नावांची कामे मिळाली की तो पहिले सापडलेले उचलतो. त्यामुळे एका बाजूची यादी दुसऱ्या बाजूच्या हाताने हाताळली जाऊ शकते, आणि लोडर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. त्याच आवृत्तीत 'पेअर' या जोडीच्या बाबतीत आणखी सूक्ष्म गोष्ट झाली. लहानशी जोडी एरवी प्रोसेसरच्या हातातल्या कप्प्यांतून थेट दिली जाते. (या कप्प्यांना रजिस्टर म्हणतात, आपल्या मस्टरशी त्यांचा संबंध नाही.) जोडीच्या व्याख्येतल्या एका बदलामुळे नव्या पर्यायात ती थेट न देता तिचा पत्ता देण्याची रीत पडली. आकार तोच, रकाने तेच, देवघेवीची रीत मात्र निराळी. एकाने हातावर रोख पैसे ठेवावेत आणि दुसऱ्याने नोटेवरचा क्रमांक घराचा पत्ता समजून चालू लागावे, तशातली गत.

जूनमधल्या ४.७.१ मध्येही हे तसेच होते. सप्टेंबर २०१२ च्या ४.७.२ मध्ये दोन्ही बदल मागे घेतले गेले, आणि कर्त्यांनी आपल्या प्रकाशन-टिपणात स्पष्ट लिहिले की ४.७.० किंवा ४.७.१ ने नव्या मानकाच्या पर्यायात तयार केलेला माल इतर आवृत्त्यांच्या मालाशी न जुळण्याचा संभव आहे. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. बदल मागे घेणे हाही एक बदलच असतो. मधल्या सहा महिन्यांत ज्यांनी नव्या अटींवर प्रोग्राम बांधले, त्यांच्यावर दुसऱ्यांदा तीच वेळ आली.

अशा प्रकरणांत साधने कोणती उपयोगी पडतात? सर्वांत सोपा बिघाड म्हणजे लायब्ररीतून एखादे नाव गायब होणे. त्यात प्रोग्राम सुरू होतानाच, किंवा ते काम पहिल्यांदा लागेल तेव्हा, लोडर ओरडून सांगतो की अमुक नाव सापडले नाही. एनएम या साधनाने जुन्या आणि नव्या लायब्ररीतल्या नावांच्या याद्या काढून ताडून पाहिल्या की काम झाले. डेबियनमध्ये तर लायब्ररीच्या पॅकेजबरोबर नावांची यादी ठेवण्याची चाल आहे, आणि पॅकेज बांधताना त्या यादीतले नाव हरवले तर बांधणीच थांबवता येते. ही फार चांगली चाल आहे; पण हजेरीपटावर नाव आहे म्हणून माणूस तेच काम करतो असे थोडेच? आमच्या हजेरीच्या लायब्ररीतले एकही नाव हललेले नव्हते. नावांची यादी रकाने मोजत नाही.

रकाने मोजायला डीबग-माहिती लागते. कंपायलरने भाषांतराच्या वेळी बाजूला काढून ठेवलेला हा नकाशा. कोणते नाव, कोणता प्रकार, किती अंतरावर, सारे त्यात असते. पाहोल हे साधन त्यावरून एकेका नोंदीचे रकाने त्यांच्या अंतरांसह छापून दाखवते. रेड हॅटच्या डोजी सेकेतेली यांनी उभारलेल्या लिबअबिगेल या संचातले एबीआयडिफ तर जुनी आणि नवी लायब्ररी शेजारी ठेवून सांगते की अमुक नोंद १६ बाइटांची २० झाली, अमुक रकाना इतका सरकला, आणि त्याची झळ अमुक अमुक कामांना लागते. मात्र वितरक हा नकाशा बहुधा वेगळ्या पॅकेजात देतात आणि जुन्या आवृत्तीचा नकाशा काही दिवसांनी मिळेनासा होतो. ज्याच्यावर पगार अवलंबून आहे अशा यंत्रावर लायब्ररी बदलण्यापूर्वी जुने पॅकेज आणि त्याचा नकाशा दोन्ही जपून ठेवावेत. हे सांगणे सोपे. मी तरी हे करणारी कचेरी क्वचितच पाहिली.

आणि नावे किंवा रकाने ताडणारी ही साधने ज्याला पकडू शकत नाहीत असा एक प्रकार उरतो. लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीत 'मेमकॉपी' नावाचे काम आहे. एका जागेचे बाइट दुसऱ्या जागी नकलून देणे. करारात पहिल्यापासून लिहिलेले की दोन्ही जागा एकमेकींवर चढलेल्या असू नयेत. पण वर्षानुवर्षे नक्कल पुढून मागे होत असल्यामुळे, चढलेल्या जागा दिल्या तरी पुष्कळदा निभावून जाई. २०१० मध्ये वेग वाढवण्यासाठी काही प्रोसेसरांवर नकलेची दिशा बदलली, आणि फेडोरा १४ वापरणाऱ्यांच्या फ्लॅशमधला आवाज खरखरू लागला. वाद पेटला. एक बाजू म्हणाली, फ्लॅशने लेखी करार मोडला. लिनस टोरवाल्ड्स यांनी त्यात उतरून वापरणाऱ्यांची बाजू घेतली : काल चालणारी गोष्ट आज बंद पडली, याला उत्तर काय? आम्हा कामगार मंडळींना हा वाद नवा नाही. लेखी शर्त मोठी की वर्षानुवर्षांची वहिवाट, यावर आम्ही उभी आयुष्ये घालवली आहेत. माझे मत विचाराल तर टोरवाल्ड्स यांच्या बाजूने. २०११ च्या २.१४ आवृत्तीत तोडगाही तसाच निघाला. मेमकॉपी या नावालाच नवा आवृत्ती-शिक्का मिळाला. नव्याने बांधलेले प्रोग्राम नव्या शिक्क्याकडे जातात, आणि जुन्यांना पूर्वीचे नाव लावून चढलेल्या जागाही सांभाळणारी नक्कल मिळते.

जीसीसीच्या कर्त्यांनीही पुढे हीच वाट धरली. एप्रिल २०१५ च्या ५.१ आवृत्तीत संख्येच्या रकान्यासह नवी लिस्ट आली, अक्षरमालेचा नवा प्रकारही आला. पण या वेळी नव्या प्रकारांच्या यंत्रभाषेतल्या नावांत 'सीएक्सएक्स-११' अशी खूण घातली, आणि जुने प्रकार त्याच लायब्ररीत शाबूत ठेवले. सोनेम सहाच राहिला. त्यामुळे दोन बाजू वेगवेगळ्या अटींवर तयार झाल्या असतील तर बहुधा जोडणीच्या वेळीच तक्रार येते की अमुक नाव सापडत नाही, आणि त्या नावात ही खूण दिसली की निदान तिथल्या तिथे होते. बहुधा म्हणतो, कारण खूण उमटते ती कामाच्या नावात हे प्रकार उघड आले तरच. तुम्ही स्वतःची एखादी नोंद केली, तिच्या पोटात नव्या अक्षरमालेचा एक रकाना ठेवला, आणि कामाच्या नावात फक्त तुमच्या नोंदीचे नाव आले, तर खूण उमटत नाही, जोडणी बिनतक्रार होते, आणि पुन्हा रकाने मोजायला बसावे लागते.